प्रतिक्रिया नागरिकाची, मर्जी मध्यस्थाची

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांतच केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोजकी संकेतस्थळे व ब्लॉग बंद करण्याचा आदेश इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना दिला. नेमकी पाने वेगळी काढण्याऐवजी काही कंपन्यांनी सबंध ब्लॉगस्पॉटच अडवले. राजकारणाशी सुतराम संबंध नसलेले लेखक आणि त्यांचे वाचकही त्यात मूक झाले. सरकारला खुलासा करावा लागला. सत्तेचा आदेश आणि नागरिकाचे मत यांच्यामध्ये उभा असलेला मध्यस्थ भयापोटी जरुरीपेक्षा अधिक कापतो, हा त्या प्रसंगाचा धडा होता.

पुढे प्रतिक्रियेचे ठिकाण बदलले. ब्लॉगखालची चर्चा फेसबुक, ट्विटर (आताचे एक्स), यूट्यूब आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत विखुरली. वृत्तपत्रातील वाचकपत्राला संपादकाची कात्री लागे. पण छापल्या मजकुराची जबाबदारीही संपादकावर असे. नव्या व्यासपीठांवर कात्री अदृश्य झाली आणि जबाबदारी एकट्या नागरिकावर आली.

तिचे स्वरूप नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दिसले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने त्यास पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते. ज्या दुरुस्तीने ते कायद्यात आले, ती लोकसभेने डिसेंबर २००८ मध्ये गोंधळात, चर्चेविना संमत केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही पोलीस ठाण्यांत ते वापरले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

मात्र त्याच निकालाने कलम ६९अ कायम ठेवले. त्याखालील २००९ च्या नियमांत गोपनीयतेची तरतूद असल्याने, आपले लेखन का हटवले गेले हे अनेकदा लेखकालाच कळत नाही. कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देते, पण अटींवर. ते गमावण्याची धास्ती कंपन्यांना आज्ञाधारक बनवते. सरकारविषयक मजकूर खोटा की खरा हे सरकारी कक्षानेच ठरवावे, ही २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. उलट, मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवणाऱ्या 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्सची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

द्वेष, बदनामी व अफवा यांना आवर हवा, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो मर्यादा कोणी आखायच्या हा. या क्षेत्रातील बरेचसे नियंत्रण मूळ कायद्यातून नव्हे, तर नियमांतून आले आहे. कलम ८७ नुसार असे नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात आणि संसद त्यांत बदल करू शकते, ते रद्दही करू शकते. हा अधिकार बहुधा कागदावरच राहतो. सभागृहाने जे तपासायचे ते न्यायालयांवर सोपवले, की निर्णय येईपर्यंत अनेक वर्षे लोटतात आणि तोवर सामान्य नागरिक मत मांडण्यापूर्वी दहादा विचार करू लागतो. २००८ मध्ये टाळलेली चर्चा संसदेला अधिक काळ टाळता येणार नाही.