सुरयांची अंडी आणि घारीवरचा आळ

हिवाळ्यात गिरगाव चौपाटीवर कुरवांचे थवे उतरले की दोन समजुती हटकून कानावर येतात : हे पक्षी इथलेच, आणि ते कमी दिसले तर दोष घारी-कावळ्यांचा. पहिली समजूत चटकन निकालात निघते. हे कुरव हिवाळी पाहुणे आहेत. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी अंडी घालतो. मुंबईच्या घारीचा त्याच्या घरट्याशी संबंधच येत नाही. महाराष्ट्रात समुद्रपक्ष्यांच्या विणीचं ठिकाण म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक. तिथे वीण करणाऱ्या सुरय (टर्न) पक्ष्यांवर पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात लिहिलं होतं.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे : शिकारी आला की वसाहत संपली. प्रत्यक्षात वसाहत हाच शिकाऱ्यावरचा तोडगा असतो. सुरय एकाच सुमारास अंडी घालतात, त्यामुळे शिकारी पक्ष्याने काही पिल्लं नेली तरी बाकीची वाचतात. शिवाय सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. हा तोडगा आकाशातून येणाऱ्या शत्रूपुरता. रात्री बिळात शिरणाऱ्या उंदरापुढे तो चालत नाही, कारण समुद्रपक्षी मुळात उंदीर-मांजरं नसलेली बेटंच निवडत आले आहेत. ब्रिटनच्या लंडी बेटावर २००१ साली मँक्स शिअरवॉटर या बिळात घरटं करणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ३०० जोड्या होत्या. २००२ ते २००४ दरम्यान तिथले उंदीर हटवले, आणि २०१७-१८ पर्यंत जोड्या साडेपाच हजारांवर गेल्या.

मग सरसकट शिकारीच हटवावेत, असं कुणी म्हणेल. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या मॅरियन बेटाचा दाखला त्याआड येतो. उंदरांच्या बंदोबस्तासाठी १९४९ साली तिथे मांजरं नेली. त्यांनी पक्ष्यांचाच फडशा पाडला. १९९१ पर्यंत मांजरं संपवली, पण उंदीर राहिले आणि आता ते अल्बट्रॉसची पिल्लं कुरतडतात. मासळीच्या तुटवड्याने वीण फसते, हा आक्षेपही खरा. पण उपाशी आईबाप घरटं जास्त वेळ उघडं टाकतात, म्हणजे भूकही शिकाऱ्याचंच काम सोपं करते. खडकावर माणसं उतरली तरी तेच होतं : पक्षी उडतात, अंडी उन्हात उघडी पडतात. म्हणून घारीवर आळ घेण्यापेक्षा विणीच्या दिवसांत खडकांवर होडी न लावणं आणि होडीतून उंदीर तिथे पोचू न देणं, हे दोन नियम पाळले तर सुरयांचं अधिक भलं होईल.