ध्वनिफितीतला हवालदार

वसंत सबनीस यांनी लिहिलेले आणि दादा कोंडके यांनी १९६५ साली रंगभूमीवर आणलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य छापील पुस्तकात वाचणे आणि त्याच्या जतन झालेल्या ध्वनिमुद्रणात ऐकणे, यांत जे अंतर आहे ते जोखावयाचे तर घोडेगावसारखे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण आंबेगाव तालुक्याच्या या मुख्य गावी एकीकडे मामलेदार कचेरी आहे आणि दुसरीकडे, मंचर ओलांडले की जवळच, ते नारायणगाव आहे, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे कारभारी यात्रांच्या सुपाऱ्या ठरवावयास येतात. भाऊ-बापू मांग आणि पुढे विठाबाई यांच्या फडांवर ज्या मुलखाचे कान तयार झाले, तो मुलूख वगाची परीक्षा पुस्तकावरून करीत नाही.

कथानक म्हणावे तर साधे, परंतु कचेरीचा उंबरठा झिजविलेल्या कोणालाही तत्काळ पटणारे. कोतवालाची जागा रिकामी होते, हक्कदार हवालदार बाजूस राहतो, प्रधानाच्या वशिल्याचा इसम त्या जागी बसतो, आणि मग हवालदार आपल्या मैनेच्या साहाय्याने त्या नव्या अंमलदारास खुद्द राजाच्या छपरी पलंगाच्या चोरीत गुंतवितो. ‘छपरी पलंगाचा वग’ हे याचे मूळ नाव. सबनिसांनी गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा शिरस्ता पाळला, आणि बतावणीतली मोकळीक नटाच्या स्वाधीन केली.

या मोकळिकीतच संशोधकाची खरी अडचण आहे. परिनिरीक्षण मंडळाची मंजुरी मिळते ती कागदावरच्या संहितेला; दादा मात्र त्या दिवशीच्या वर्तमानावर, समोरच्या प्रेक्षकावर, क्वचित सोबतच्या नटावरही हजरजबाबी कोटी करीत, आणि ती कोटी कोणत्याही दप्तरात दाखल होत नसे. हजाराहून अधिक प्रयोगांतील एका प्रयोगाचा ध्वनी हाती आला, तरी उरलेल्यांतील बतावणी गेली ती गेलीच. शिवाय मैनेचे नृत्य आणि हवालदार झालेल्या दादांचा चेहरा फितीवर उतरत नाही. उतरते ते एवढेच, की वाक्य कोठे तोडावे, शब्द कोठे गिळावा आणि हशा पुरता ओसरण्यापूर्वी पुढचा टोला कसा हाणावा. माझ्या मते, नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९३२ साली जन्मलेल्या, बँडपथकात आणि सेवादलाच्या कलापथकात तयार झालेल्या या नटाचे मोठेपण ठरविण्यास एवढे पुरेसे आहे. द्व्यर्थी संवादांच्या पुढील चित्रपटांवरून त्याची किंमत करणाऱ्यांनी हा लयीचा पुरावा अवश्य ऐकावा. (त्या चित्रपटांचा दरवाजाही याच प्रयोगाने उघडला, तो पाहून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांपाशी दादांची शिफारस केली.)

दादांचा आवाज निदान राहिला. फडांच्या सोंगाड्यांचे नशीब तसे नाही. यात्रेत कोणी हौसेने भरून घेतलेल्या कॅसेटी हाच त्यांचा दस्तऐवज, आणि भीमाशंकराकडून येणाऱ्या पावसाळी ओलाव्यात चुंबकीय फितीला बुरशी धरावयास फार काळ लागत नाही. घोडेगाव, मंचर, जुन्नर या बाजूस ज्यांच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, त्यांनी ती वाजवून पाहण्याचा मोह आवरावा, वेष्टणावर गाव, यात्रा, साल आणि फडाचे नाव लिहावे, आणि ती एखाद्या ध्वनिसंग्रहालयाच्या हवाली करावी.