पाचची गोळी, अडीचची गोळी

रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं औषध म्हणजे ॲम्लोडिपिन. त्याबद्दलचा सगळ्यात धोक्याचा गैरसमज पुणेकरांनी आधी समजून घ्यावा, कारण त्यामागचं रसायनशास्त्र पुण्यातही घडलं आहे. तो गैरसमज असा: ‘अडीचची गोळी म्हणजे पाचच्या निम्मी.’

ॲम्लोडिपिनच्या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी एकमेकांची प्रतिबिंबं. साध्या गोळीत ती निम्मी-निम्मी असतात. रक्तवाहिन्या सैल करण्याचं काम मात्र जवळजवळ सगळं ‘एस’ रूपच करतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हे रूप वेगळं काढण्याच्या प्रक्रियेचं पेटंट मिळवलं, आणि पुण्याच्याच एम्क्युअर कंपनीनं ‘असोमेक्स’ नावानं त्याची गोळी बाजारात आणली. अमेरिकेत या रूपाला मंजुरी मिळाली ती थेट डिसेंबर २०१९मध्ये, तीही एका चिनी कंपनीच्या गोळीला!

म्हणजे एस-ॲम्लोडिपिनची अडीच मिलिग्रॅमची गोळी साध्या पाचच्या बरोबरीची. चिठ्ठीवर साधी पाचची असताना ‘एस’ची पाचची हाती पडली, तर डोस दुप्पट होतो, चक्कर येऊ शकते, पाय सुजू शकतात. ‘एस’ अडीचऐवजी साधी अडीचची आली, तर निम्मंच औषध पोटात जातं आणि बीपी चढलेलं राहतं. आकडा तोच आहे म्हणून गोळी घेऊ नका. स्ट्रिपवर ब्रँडसोबत छापलेलं औषधाचं नाव वाचा.

दुसरा गैरसमज किमतीचा. जनौषधी केंद्रातली ती ‘जेनेरिक’, म्हणून कमी ताकदीची, आणि मेडिकलमधली ती ‘कंपनीची’. मूळ औषध फायझरचं. भारतात २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी ते आपापल्या नावानं विकायला घेतलं. सिप्लाची ॲम्लोप्रेस, मायक्रो लॅब्जची ॲम्लाँग, डॉ. रेड्डीजची स्टॅम्लो ही सगळी जेनेरिकच आहेत. अमेरिकेत अशा स्पर्धेसाठी मार्च २००७ उजाडावा लागला. न्यायालयानं फायझरच्या पेटंटचे दावे अवैध ठरवले तेव्हा कुठे स्वस्त गोळ्या आल्या. किंमत उतरते ती या चढाओढीमुळे आणि प्रचारावरचा खर्च वाचल्यामुळे, औषध कमी घातल्यामुळे नव्हे. दर्जाची शंका रास्तच आहे, पण ती महाग गोळीबद्दलही घ्यायला हवी. ब्रँड बदलला की पुढचे दोन आठवडे बीपी मोजून लिहून ठेवा, आणि फरक दिसला तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

‘बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद’ हेही चूक. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे. शिवाय ॲम्लोडिपिन हृदयविकारातल्या छातीदुखीवरही देतात, त्यामुळे ज्याचं बीपी कधी वाढलंच नव्हतं अशा रुग्णालाही ते लागू शकतं. डोकं जड झालं की एखादी घ्यायची, ही सवयही निरुपयोगी: रक्तातलं प्रमाण कमाल पातळीला पोचायलाच ६ ते १२ तास लागतात.

राहिली घोट्यांची सूज. ती दिसताच किडनी गेली असं समजून लोक घाबरतात आणि स्वतःच लघवीची गोळी सुरू करतात. ॲम्लोडिपिनची सूज ही बहुधा शरीरात पाणी साठल्याची नसते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाजूच्या ऊतींत झिरपतो, म्हणून लघवीच्या गोळीनं ती फारशी उतरत नाही. मात्र सुजेला इतर कारणंही असू शकतात, तेव्हा ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी. औषधामुळेच आहे असं ठरलं तर ते डोस कमी करतात, टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात किंवा गोळीच बदलतात.