मोडीचा भाव आणि दानाचा भाव

तांब्यापितळेच्या जुन्या भांड्याचे मोल ठरविण्यास महाराष्ट्रात कधी फारशी अडचण पडलेली नाही. फुटकी घागर तांबटाच्या दुकानी गेली की ती तराजूत पडते, डाग आणि मळ यांपोटी ठरलेली घट तिच्या वजनातून वजा होते, उरलेल्या धातूला मोडीचा भाव लागतो, आणि बदल्यात नवी घागर हवी असल्यास तिच्या किमतीवर घडणावळ चढते. या हिशेबात देणाऱ्याच्या श्रीमंतीला, घेणाऱ्याच्या गरजेला किंवा त्या घागरीने तीन पिढ्या भरलेल्या पाण्याला जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात स्थान नसते. कापडाचे तसे नाही. वापरलेली साडी वितळवून पुन्हा साडी करता येत नाही, आणि म्हणून तिची किंमत वस्तूत कमी व माणसांच्या परस्परसंबंधात अधिक असते.

हा संबंध आपल्याकडे दीर्घकाळ बोहारणीने सांभाळला. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारात बसणारी ही बाई कापड उजेडाकडे धरून त्याची वीण पारखी, जरीचा काठ बोटांनी चाचपी, आणि दोन साड्या व एका पाटलोणीवर मिळणाऱ्या पातेल्यासाठी गृहिणीकडून आणखी एक सदरा मागे. घासाघीस तासभर चाले. परंतु त्या तासात एकही पक्ष याचक नसे. जुन्या कपड्यांच्या व्यवहारातील हा गुण पुढे धर्मादायाच्या हातून बहुधा निसटला, असे माझे मत आहे.

कापड चिंधीच्या अवस्थेस पोहोचले की मात्र त्यालाही धातूप्रमाणेच वजनाचा न्याय लागू होतो. जुन्नरला हे सांगावयास नको. पेशवाईच्या दप्तरांत प्रतिष्ठा पावलेला जुन्नरी कागद याच गावच्या कागदी लोकांचे कसब होते, आणि देशी हातकागदाचा कच्चा माल म्हणजे टाकाऊ गोणपाट, जीर्ण दोर व चिंध्या. चुन्यात भिजवून, कुटून, धुऊन त्यांचा लगदा होई, आणि ज्या चिंधीला कोणी विचारीत नसे तिच्यावर पुढे सनदा लिहिल्या जात. आज तेच काम हरियाणातील पानिपत करते. जगभरचे टाकून दिलेले लोकरी कपडे तेथे पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो, त्या धाग्याची स्वस्त घोंगडी होतात, आणि त्यांतील पुष्कळशी आपद्ग्रस्तांना वाटावयास विकत घेतली जातात. दानाचा कपडा असा चक्क दानाकडेच परततो. फक्त वाटेत त्याला दोनदा बाजारभाव लागलेला असतो.

धर्मादाय संस्थेने जुन्या वस्तूंचे दुकानच मांडावे ही वहिवाट विलायतेची. 1942 साली ऑक्सफर्ड येथे दुष्काळनिवारणासाठी स्थापन झालेल्या समितीने, म्हणजे आजच्या ऑक्सफॅमने, त्या दशकाच्या अखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान उघडले, आणि आज ब्रिटनमध्ये दान आलेल्या वस्तूंच्या अशा विक्रीवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे. तेथे माल फुकट आलेला असला तरी जागेचे भाडे, निवडणावळ आणि न खपलेल्या ढिगाचा भार हे सारे किमतीत येते; आणि न खपलेले कापड शेवटी चिंधीवाल्याच्या तराजूतच जाते. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या दुकानातील गिऱ्हाईक हा दानाचा लाभार्थी नसतो. लाभार्थी दूरदेशी असतो, आणि म्हणून तेथे किंमत जितकी चढेल तितके पुण्य वाढते. आपल्याकडे कोणी असे दुकान घोडेगावात किंवा जुन्नरात काढील, तर गिऱ्हाईक व लाभार्थी ही एकच व्यक्ती असेल, आणि विलायतेचे गणित जसेच्या तसे उचलल्यास गरिबाच्याच खिशातून गरिबाचा निधी गोळा होईल.

मग फुकट वाटावे काय? माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. अशा प्रसंगी किंमत हा शब्द उच्चारणेदेखील अमानुष. तथापि आपत्ती ओसरल्यावरही फुकटाचीच रीत चालू राहिली की देणारा हात सैल होतो, फाटके, बटणे तुटलेले, शहरी मापाचे कपडे गाठोड्यात भरले जातात, आणि घेणाऱ्याला ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकार उरत नाही. किंमत, मग ती कितीही अल्प असो, हा अधिकार परत देते.

अंशू गुप्ता यांनी 1999 साली दिल्लीत स्थापिलेल्या ‘गूंज’ संस्थेने या पेचातून तिसरी वाट काढली. गावाने आपल्यासाठी विहीर, तळे किंवा रस्ता यांपैकी काय हवे ते स्वतः ठरवावे, ते श्रमाने उभे करावे आणि मोबदला म्हणून शहरातून आलेले कपडे घ्यावेत, अशी ती योजना. गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळ्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. डोंगरउतारावर भातखाचरे पाडण्यासाठी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची पडकईची रीत त्यांचीच. डिंभे धरणाच्या परिसरात ‘शाश्वत’ संस्थेने तिच्याच आधारे काम केले. एक दक्षता मात्र हवी. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 सालचा आहे, आणि 2025-26 साठी केंद्राच्या रोजगार योजनेचा राज्यातील दर दिवसाला 312 रुपये होता. ज्या कामाला असा दर मिळू शकतो त्या कामावर जुने सदरे देऊन माणसे राबविणे म्हणजे दानाच्या आवरणाखाली वेठ होय.

तेव्हा दर लावावयाचाच असेल तर तो दोन गोष्टींशी ताडून लावावा. पहिली, रोजगार योजनेचा दिवसाचा रोज. दुसरी, जुन्नरच्या रविवारच्या किंवा बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात त्याच दिवशी मिळणारे नवे स्वस्त कापड, कारण सुरतेची नवी साडी जर जुनीच्या जवळपास किमतीत मिळत असेल तर जुनीला विचारील कोण? निरख फळ्यावर लिहावा, पण घासाघिशीला दार मोकळे ठेवावे. आणि फाटके कापड खुंटीवर न टांगता सरळ वजनावर काढावे.

ज्यांच्या घरी या दिवाळीत कपाटे आवरली जातील त्यांनी गाठोडे बांधण्यापूर्वी कपडे धुवावेत, तुटलेली बटणे लावावीत, नाड्या ओवाव्यात आणि चिंध्यांचे गाठोडे निराळे बांधावे.