अक्षय्य तृतीया आणि घरातील कोठी

आज वैशाख शुद्ध तृतीया. साडेतीन मुहूर्तांतील हा एक मुहूर्त. आज पितरांच्या नावे उदकुंभाचे दान करावयाचे, नव्या आंब्याचा रस नैवेद्यास ठेवावयाचा आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगता करावयाची. आज केलेले दान व पुण्यकर्म क्षय पावत नाही, या श्रद्धेने तिथीस हे नाव मिळाले. अलीकडे मात्र या दिवसाची ओळख सराफपेठेतील गर्दीवरून होऊ लागली आहे. ज्याची ऐपत आहे त्याने गुंजभर सोने अवश्य घ्यावे. परंतु आमच्या मराठवाड्यातील जुन्या घरांत चैत्र-वैशाखात जे सोने येत असे, ते ज्वारीच्या पोत्यांतून येत असे. रब्बीची सुगी आटोपलेली, उन्हे कडक, अंगणात कुरडया, सांडगे, शेवया आणि बाजरीच्या खारोड्यांची वाळवणे पसरलेली, आणि घरातील वडीलधारी बाई हातात माप घेऊन वर्षाची बेगमी मोजीत बसलेली, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ‘अक्षय्य’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

वाण्याचे बिल पाहून महिन्याच्या वीस तारखेसच चिंतेत पडणारी घरे आज थोडी नाहीत. कीर्तनाच्या निमित्ताने पैठणपासून छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींपर्यंत अनेक घरी पानावर बसण्याचा योग येतो. ताट वाढताना यजमानीणबाईंच्या मुद्रेवर उमटणारा हिशेब मला दिसतो. म्हणून आज या मुहूर्तावर कोठीघराविषयीच चार शब्द लिहावे असे मनात आले.

एका पैचा हिशेब

कोठीघरात अध्यात्म कोठून आले, असे कोणी विचारील. त्याने देवगिरीच्या किल्ल्याकडे पाहावे. जनार्दनस्वामी तेथे किल्लेदार होते आणि आमचे नाथमहाराज त्यांच्या सेवेत राहून हिशेबाचे काम पाहत. एके रात्री हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर जन्माच्या हिशेबातील चूक सापडल्यावर केवढा होईल, या अर्थाचे त्यांचे उद्गार आम्ही कीर्तनकार उत्तररंगात रंगवून सांगतो.

पण त्या कथेचा पूर्वार्धही तितकाच मोलाचा आहे. परमार्थाची वाट नाथांना पैच्या हिशेबातून सापडली. ज्या घरात एका पैची चूक शोधण्याचा आळस नाही, त्या घरात देणेकऱ्यापुढे मान खाली घालण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

आपल्या धर्मशास्त्रानेही साठ्याचा विचार टाळलेला नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाचे चार प्रकार सांगितले आहेत. कोठारभर धान्य असलेला तो कुसूलधान्यक, मडकेभर असलेला तो कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते असलेला तो त्र्यहैहिक आणि उद्यापुरतेही न ठेवणारा तो अश्वस्तनिक. तेथे उत्तरोत्तर श्रेष्ठता मानली आहे, पण ती विरक्तीच्या दृष्टीने. ज्याच्या घरी शाळेत जाणारी मुले आणि औषध घेणारे म्हातारे आहेत, त्याने अश्वस्तनिक होण्याचा हट्ट धरू नये. आपल्यासारख्यांनी कुंभीधान्यक व्हावे, हे बरे.

कोठाराचे शास्त्र

‘कोठार’ हा शब्द संस्कृतातील ‘कोष्ठागार’ यावरून आला. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना दोन नियम घातले आहेत. साठ्यापैकी निम्मा भाग प्रजेवरील आपत्तीसाठी राखून ठेवावा व निम्मा वापरावा, हा पहिला. आणि नवे धान्य येताच जुन्याची जागा त्याने घ्यावी, हा दुसरा. राज्याच्या कोठारास जे लागू, ते चार डब्यांच्या फळीसही लागू आहे. जुने पुढे व नवे मागे ठेवावे. आणि तळाचा चौथा हिस्सा तरी अडीअडचणीसाठी असू द्यावा.

पहिले काम मापाचे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, अशी दर पायरीस दुप्पट होणारी मापे आमच्या आईच्या हाताशी असत. आज वजनकाटा आहे, पण मोजण्याची सवय गेली. सात दिवस घरात किती ज्वारी, किती कणीक, किती तूरडाळ लागली ते मांडावे आणि त्यास बावन्नने गुणावे. आठवड्यास ६ किलो धान्य लागत असेल तर वर्षास ३१२ किलो, म्हणजे सव्वातीन क्विंटलांच्या आत. आठवड्यास १ किलो डाळ तर वर्षास ५२ किलो. हा आकडा हाती नसताना केलेली खरेदी म्हणजे अंधारात नेम धरण्यासारखी.

याच हिशेबात नासाडीही मांडावी. एका पोळीस साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. रोज दोन पोळ्या वाया गेल्या तर वर्षाकाठी जवळजवळ २२ किलो कणीक गेली. अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ते टोपलीत वाळून जाताना पाहणे हा त्या शब्दाचा अपमान नव्हे काय?

काय भरावे, काय भरू नये

सर्वच जिन्नस वर्षाचे भरणे शहाणपणाचे नाही. ज्वारी, गहू, तूरडाळ, लाल मिरची, हळद व चिंच यांची सुगी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असते. त्या काळात माल ताजा व निवडून मिळतो. तांदूळ दिवाळीनंतरच्या थंडीत पाहावा. याउलट तेल, शेंगदाणे, रवा, बेसन व पोहे महिन्यापुरतेच आणावेत. शेंगदाणे खवट होतात, रव्यात जाळी धरते आणि स्वस्ताईने घेतलेला माल शेवटी उकिरड्यावर जातो. काळा मसाला आणि आमच्याकडचे येसर ही घरी करावयाची कामे. डब्यात येसर असले की भाजी महाग झालेल्या दिवशी नुसत्या आमटीवर भाकरी गोड लागते.

साठवणीचे नियम आजीच्या काळचेच आहेत. धान्यास दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. ऊन दिलेले धान्य निवल्यावरच भरावे, गरम भरल्यास आत घाम धरतो. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घालावा, डाळीस एरंडेलाचा हात लावावा आणि पिंप भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावे. श्रावणात एकदा झाकण उघडून सोंडे लागले नाहीत ना, हे पाहावे. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्या मात्र घरात कधीही आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो आणि बंद घरात त्याने माणसे दगावली आहेत.

वर्षाचे पैसे एकदम कोठून आणावेत, हा प्रश्न रास्त आहे. त्यास दोन उत्तरे आहेत. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम बाजूस टाकावी, आणि तीन-चार शेजारणींनी किंवा बचतगटाने मिळून मोंढ्यातून पोते घेऊन वाटून घ्यावे. दहा-दहा रुपयांच्या पुड्यांचा मोह टाळावा. पुडीवरचे वजन वाचून किलोचा भाव काढला की, गरिबालाच माल महाग पडतो, हे ध्यानी येते. रेशनचे धान्य घेण्यात कमीपणा मानू नये. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते विनामूल्य आहे. ते आधी हिशेबात धरावे व उरलेलेच विकत घ्यावे.

ज्या ज्वारी-बाजरीला आपण मधल्या काळात गरिबांचे अन्न म्हणून बाजूस सारले, तिच्याच सन्मानार्थ संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जगाला पटलेले आपल्याला पटावयास हरकत नसावी.

सण, उपवास आणि ऋण

आता थोडे कटू. धर्माच्या नावाखाली होणारा खर्च पुष्कळदा धर्माने सांगितलेला नसतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. कोणत्याही स्मृतिकाराने त्याचे नावही ऐकले नव्हते. उपवास म्हणजे देवाच्या सन्निध वास. त्या दिवशी स्वयंपाकघराचा खर्च वाढत असेल तर व्रत कोठेतरी चुकले आहे.

ऋण काढून सण करू नये, हे मी व्यासपीठावरून सांगतो ते अनुभवाने. माझ्या तरुणपणी बिदागीचा भरवसा नसे. एका दिवाळीत लोकांस दाखविण्यासाठी मी उधारीवर पाच पक्वान्नांचा घाट घातला. ते देणे फिटावयास पुढचा आषाढ उजाडला, आणि तोवर त्या दुकानावरून जाताना मी उपरणे तोंडावर ओढून घेत असे. देवापुढे गुळाचा खडा ठेवला असता तरी चालले असते. लाज देवाची नव्हती, शेजाऱ्यांची होती.

द्रौपदीचे ताट

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. गोदावरीच्या पात्रात वाळू दिसत होती. माणसे रोजगाराच्या कामावर खडी फोडीत, तेथे सुकडी मिळे. घरी रेशनची अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी येई. वडिलांची कीर्तने बंद पडली होती. आईची एक रीत होती. रोज दळणासाठी धान्य काढताना त्यातील एक मूठ ती देवाची म्हणून कोपऱ्यातील मडक्यात टाकी. त्या वर्षी ते मडके उघडले आणि आम्ही भावंडे तगलो.

आणखी एक गोष्ट मला त्या वर्षी दिसली. एका रात्री पाणी प्यावयास उठलो तो आई चुलीपाशी बसून भाकरीच्या तव्यावर उरलेले पीठ पाण्यात कालवून पीत होती. मला पाहून म्हणाली, “नीज जा. माझे जेवण मघाच झाले.”

वनपर्वात सूर्याने धर्मराजास दिलेल्या पात्राची कथा मी चाळीस वर्षे सांगत आलो. द्रौपदी जेवेपर्यंत त्या पात्रातील अन्न संपत नसे, ती जेवली की ते रिते होई. श्रोते पात्राच्या चमत्कारावर माना डोलावीत, मीही त्याच ठिकाणी ताल धरी. सर्वांना पुरले, कारण ती शेवटी बसली, हे त्या कथेत असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. पुराणातल्या द्रौपदीला शेवटी का होईना, भरलेले पात्र मिळत असे. आमच्या घरांतील द्रौपदीला मिळेलच, याची खात्री देणारा सूर्य कोठे आहे?

म्हणून माझी एक विनंती आहे. वर्षाच्या बेगमीचा हिशेब मांडताना घरातील माणसे मोजाल, तेव्हा पहिले नाव गृहिणीचे लिहावे. तिच्या वाट्याची ज्वारी, डाळ व दूध मांडून मग इतरांचे मांडावे. काटकसर घरातील सर्वांनी वाटून घ्यावी. एकटीच्या पोटातून केलेली काटकसर ही बचत नव्हे, ते ऋणच आहे, आणि ते कोणत्याही वाण्याच्या वहीत लिहिले जात नाही.

आज उदकुंभाचे दान झाले की एक रिकामे मडके स्वच्छ धुऊन कोठीच्या कोपऱ्यात ठेवा आणि त्यात पहिली मूठ टाका. श्रीखंड्याने कावडीने पाणी भरलेला नाथांच्या वाड्यातील रांजणही एका कावडीने भरला नव्हता. आणि आज पंक्तीस बसताना घरातील माउलीचे पानही बरोबरच मांडा. ती जेवल्यावरही पात्रात चार घास उरले, तर आजची तृतीया खरोखर अक्षय्य झाली असे मी म्हणेन.