खांदेरीला जायचं तर अष्टमी-नवमी गाठा

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. आठ जणांनी मिळून गेटवेहून दिवसभरासाठी शिडाची यॉट घ्यायची, खांदेरी-उंदेरीपर्यंत जायचं, बेटाच्या आडोशाला नांगर टाकून डबे उघडायचे आणि संध्याकाळी परत, असा त्यांचा बेत आहे. त्यांना अकराला निघायचं होतं. बोटीचा तांडेल म्हणाला, सातला या, आणि तारीख तिथी बघून ठरवू. 'सहलीला मुहूर्त कशाला?' असं त्या विचारतात.

मुहूर्त नव्हे, ही भूगोलाची गोष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. त्यामुळे असे बेत आता पुष्कळ घरांत शिजत असतील. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

शिडाच्या बोटीला दोन घड्याळं सांभाळावी लागतात. वाऱ्याचं घड्याळ सूर्य चालवतो, पाण्याचं घड्याळ मुख्यतः चंद्र. सूर्याचं घड्याळ रोज साधारण त्याच वेळी वाजतं, चंद्राचं रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे पडतं. म्हणजे दोन्ही आपल्या सोयीची असतील असे दिवस महिन्यात मोजकेच. तांडेल तेच शोधत होता.

आधी वारा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री-पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे आपण सहावी-सातवीत पाठ केले. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, इथवर ठीक. पण का, याचं शाळेतलं उत्तर बहुधा पाण्याच्या विशिष्ट उष्णतेवर थांबतं, आणि ते अर्धंच आहे. भर दुपारी किहीमच्या वाळूवर अनवाणी उभे राहा. तळवे पोळतात. तिथेच वीतभर उकरा, खालची वाळू गार लागते. सूर्याची सगळी कमाई वरच्या चार बोटांत अडकलेली असते. समुद्रात मात्र उजेड कित्येक मीटर खोल जातो, लाटा पाणी ढवळतात, काही उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. तोच सूर्य, पण त्याची उष्णता एवढ्या पाण्यात वाटली गेल्यावर प्रत्येक थराच्या वाट्याला जेमतेम काही येतं. म्हणून दुपारी जमिनीवरची हवा तापून वर चढते आणि समुद्रावरची थंड हवा तिच्या जागी येते. दोहोंच्या दाबात फरक एखाद-दुसऱ्या मिलिबारचा, पण तेवढ्यावर शीड फुगतं.

मुंबईकरांना या वाऱ्याची वेळ वेगळ्या कारणाने माहीत असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बातमी येते की समुद्रावरचे वारे उशिरा सुरू झाले म्हणून पारा चढला. पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोरात असला की तो खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो आणि सांताक्रूझ भाजून निघतं. अशा दिवशी समुद्रातली यॉटही शीड लोंबकळत ठेवून वाट बघत बसते. उकाड्याची बातमी आणि सहलीचा विचका, दोन्हींचं मूळ एकच.

आता दिशा बघा. खांदेरी गेटवेच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, पंचवीसएक किलोमीटरवर, म्हणजे तेरा सागरी मैलांवर आहे. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्या बोटीच्या तो कुशीत बसतो आणि बोट सुखाने चालते. दुपारी खारा वारा सुरू होतो तो आधी पश्चिमेचा. मग पृथ्वीच्या परिवलनामुळे तो हळूहळू उजवीकडे वळत वायव्येचा आणि पुढे उत्तरेकडे झुकलेला होतो. उत्तर गोलार्धात वाहणारी हवा उजवीकडे वळते, हा कोरिऑलिसचा नियम पुस्तकात फार कोरडा वाटतो. खांदेरीहून परतताना तो हाताला लागतो. बोटीचं तोंड उत्तरेला असतं. वारा वायव्येचा आहे तोवर शीड घट्ट ओढून एका दमात मुंबई गाठता येते. तो आणखी उत्तरेकडे सरकला की समोरून येतो. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर चालू शकत नाही, तिला नागमोडी जावं लागतं, आणि अंतर वाढत जातं. अकराला निघालेली मंडळी तीनला परत फिरतात आणि नेमकी याच कात्रीत सापडतात. दुपारी एकच्या सुमारास नांगर उचलणं सर्वांत बरं.

खांदेरीचा इतिहास वाचताना मला हा वारा सारखा दिसतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईचे इंग्रज आपली जहाजं घेऊन आडवे आले. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या मराठा आरमाराने त्यांच्यावर हल्ला चढवला तो पहाटे, किनाऱ्याच्या बाजूने, इतक्या वेगाने की इंग्रजांना सावरायला फुरसत मिळाली नाही. पहाट ही मतलईची वेळ. किनाऱ्याकडून येणाऱ्या हलक्या, वल्ह्यांच्या नावांना वारा पाठीशी होता आणि बेटाजवळच्या जड जहाजांच्या तो तोंडावर होता. वेळेची ही निवड मुद्दाम केलेली असणार, असं माझं स्पष्ट मत आहे. जन्म याच किनाऱ्यावर गेलेल्या खलाशांना हे घड्याळ कुणी शिकवायला नको होतं.

दुसरं घड्याळ भरतीचं, आणि इथे मला थोडं रेंगाळू द्या.

कोकणात एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, नवमीला पावणेसातला. पहाटेचेही आणि संध्याकाळचेही. जुन्या शाळांत मुलं पावकी-निमकीबरोबर पाऊणकी घोकत. ज्याला ती पाठ, त्याला भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ. तपासून पाहू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास सरकते. म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. तिथीमागे चूक फक्त तीन मिनिटांची! पौर्णिमेपर्यंत ती साचून पाऊण तास होते, म्हणून सव्वाअकराच्या ऐवजी भरती बाराच्या आसपास येते. तोंडी हिशेबासाठी याहून चांगलं सूत्र मला तरी सुचत नाही.

इंग्रजांनी हेच काम यंत्राला दिलं. मुंबईत अपोलो बंदराला, म्हणजे आज आपण जिथे बोटीत चढतो तिथेच, १८७८ पासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी आहेत. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. सर्वेक्षण विभागातले बेअर्ड नावाचे अधिकारी किनाऱ्यावर मापनयंत्रं बसवत फिरले आणि लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांनी खास भारतीय बंदरांसाठी भरतीचं भाकीत करणारं यंत्र आखलं. ते १८७९ मध्ये तयार झालं. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, चंद्राचं जवळ-लांब होणं, अशा प्रत्येक कारणासाठी एक कप्पी. प्रत्येक कप्पी आपापल्या गतीने वर-खाली होते, सगळ्यांवरून एकच तार गेलेली, आणि तारेच्या टोकाची लेखणी कागदावर वर्षभराची भरती-ओहोटी काढत जाते. भजनात मृदंग, टाळ, चिपळ्या, वीणा आपापल्या लयीत वाजतात आणि कानावर मात्र एकच गजर पडतो, तशी ती तार. या कल्पनेचं श्रेय जग लॉर्ड केल्विन यांना देतं, आणि पहिलं यंत्र त्यांच्याच नावावर आहे. पण आपल्या बंदरांचं गणित रॉबर्ट्स यांनी पेललं, श्रेयावरून दोघांत वादही झाला, आणि पुस्तकांतून रॉबर्ट्स गळाले. हा अन्याय आहे. गेटवेवर उभं राहून भरतीचं कोष्टक बघताना त्यांचं नाव आठवायला हवं.

आता दोन्ही घड्याळं जुळवा. ओहोटीला पाणी मुंबई बंदरातून बाहेर, खांदेरीच्या दिशेने ओढतं. भरतीला आत घेतं. तासाला चार सागरी मैल चालणाऱ्या यॉटला एका मैलाचा प्रवाह साथ देईल तर खांदेरी अडीच तासांच्या थोडं वर, तोच प्रवाह विरोधात असेल तर चार तास वीस मिनिटं. अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. म्हणजे सकाळी जाताना पाणी विरोधात आणि संध्याकाळी येतानाही विरोधात. सुट्टीचा दिवस, आकाश स्वच्छ, तरी हा सर्वांत वाईट दिवस. अष्टमी-नवमीला भरती सहा-सातला. निघालो की ओहोटी घेऊन जाते, दुपारी पाणी उलटतं आणि भरती घरी आणते. शिवाय अष्टमीच्या सुमाराला सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात असते, ती भांगाची भरती. प्रवाह मवाळ असतात. परतीला भरतीचं पाणी उत्तरेला आणि वारा वायव्येकडून, अशी टक्कर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणात त्या पोटातलं ढवळून काढतात, भांगात सोसवतात.

मोबाइलवरच्या वाऱ्याच्या रंगीत नकाशांबद्दल एक शब्द. जागतिक हवामान प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात, आणि त्यांतल्या अनेकांचा एकेक चौकोन दहा ते पंचवीस किलोमीटरचा असतो. गेटवे ते खांदेरी हे अख्खं अंतर त्यात एक ते तीन चौकोनांत संपतं. किनाऱ्याच्या वळणावर ठरणारा खारा वारा त्यात धूसरच दिसणार. मोठ्या लाटांचा आणि वादळाचा इशारा मात्र पाहिलाच पाहिजे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्यासाठी लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज विनामूल्य देते. आदल्या रात्री तो वाचा आणि तरीही शेवटचा शब्द तांडेलाचा माना.

तेव्हा ताई, पावसाळा टाळून, नोव्हेंबर ते मार्चमधली अष्टमी किंवा नवमी निवडा. बेटावर उतरायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करा, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत ना ते धक्क्यावरच बघा, आणि सातला म्हणजे सातला पोहोचा. पाऊण तास उशीर झाला तर पाण्याची एक तिथी गेली.