तेच भांडण पुन्हा पुन्हा: समुपदेशनाबद्दलचे काही गैरसमज

'स्वभावाला औषध नाही' हे आपल्याकडचं हुकमी वाक्य. नवऱ्याच्या अबोल्याला कंटाळलेल्या सुनेला सासूबाईच सांगतात, "अगं, त्याच्या बाबांचंही असंच होतं. मी नाही का काढले दिवस?" सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. चुकतो तो निष्कर्ष. वडिलांसारखाच मुलगाही घुमा निघाला, याचा अर्थ ते रक्तातच आहे असा होत नाही. घरात राग आला की गप्प बसायचं, हे त्याने लहानपणी रोज पाहिलं आणि उचललं, हीही शक्यता असते. पाहून उचललेली गोष्ट बदलता येते, आणि समुपदेशनाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

यामागे बराच अभ्यास आहे. हाक मारली तर जवळचं माणूस येतं की नाही, याचा अंदाज मूल पहिल्या काही वर्षांतच बांधतं, असं ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या आसपासच्या बाळांना काही मिनिटं आईपासून दूर ठेवलं आणि आई परत आल्यावर ती काय करतात ते टिपलं. काही बाळं बिलगली आणि लगेच शांत झाली. काही चिकटली, पण त्यांचं रडं थांबेना. काही मात्र आई आलीच नाही अशा थाटात खेळत राहिली. मोठ्यांच्या प्रेमातही याच तऱ्हा दिसतात, हे सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये मांडलं. पण ही गोष्ट इथे संपत नाही. बालपण खडतर गेलेली काही माणसं पुढे भक्कम, विश्वासाची नाती जोडतात, असंही नंतरच्या संशोधनात दिसलं. असा विश्वास मोठेपणी एखाद्या चांगल्या नात्यातून कमावता येतो आणि थेरपीतूनही. (हल्ली मोबाइलवर चार प्रश्नांची चाचणी देऊन 'मी अमुक प्रकारची' असा बिल्ला लावून फिरायची टूम आली आहे. तीही 'स्वभावाला औषध नाही'चीच नवी आवृत्ती.)

सर्वांत घट्ट रुतलेला गैरसमज म्हणजे समुपदेशक हा बैठकीतला वडीलधारा. दोन्ही बाजू ऐकायच्या, चूक कुणाची ते ठरवायचं आणि 'दोघांनी थोडं थोडं जुळवून घ्या' म्हणून चहा प्यायचा. त्यामुळे बहुतेक जोडपी पहिल्या भेटीला वकिलासारखी तयारी करून येतात. कुणी व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणतं, कुणी लग्नातल्या मानपानापासून सुरुवात करतं.

प्रत्यक्षात काय होतं, ते एका काल्पनिक जोडप्यावरून पाहू. नवरा कामावरून रात्री दहाला येतो, फोन उचललेला नसतो. ती म्हणते, "तू मला गृहीतच धरतोस." तो काही न बोलता मोबाइल घेऊन गॅलरीत जातो. ती मागोमाग जाऊन आणखी चार वाक्यं ऐकवते. तो दार लावून घेतो. विषय कधी फोन, कधी सासरचे पैसे, कधी मुलाचा अभ्यास. पण क्रम तोच. एकाने पाठलाग करायचा, दुसऱ्याने पळ काढायचा. ती म्हणणार, तो पळतो म्हणून मी बोलते. तो म्हणणार, ती बोलते म्हणून मी पळतो. दोघंही खरं बोलत असतात.

समुपदेशक इथे विषयाला हात घालत नाही, क्रमाला घालतो. ती बोलायला लागली की मध्येच थांबवून नवऱ्याला विचारतो, "ती आत्ता 'गृहीत' म्हणाली, तेव्हा तुमच्या अंगात काय झालं?" बराच वेळ शांतता. मग तो म्हणतो, "छातीत धडधडलं. वाटलं, आता काहीही बोललो तरी ते चुकणारच." समुपदेशक म्हणतो, "हे मला नको, त्यांच्याकडे वळून सांगा." तो सांगतो. इतकी वर्षं त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'याला माझी पर्वा नाही' असा लावणाऱ्या तिला त्यामागची भीती पहिल्यांदा ऐकू येते. मग तिच्या आरोपामागचं 'मी एकटी पडलेय' हे वाक्यही हळूहळू बाहेर येतं. १९८० च्या दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी विकसित केलेली भावनाकेंद्री पद्धत साधारण अशीच चालते. त्या खोलीत आरोपी दोघांपैकी कुणीच नसतं. आरोपी असतं ते चक्र.

'म्हणजे मन मोकळं केलं की झालं' असं वाटत असेल, तर तेही अपुरं आहे. मन मैत्रिणीजवळही मोकळं होतं. पण रात्री दहाला तोंडातून जुनंच वाक्य निघतं. म्हणून थेरपीत सराव असतो. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना बोलतं करून त्यांच्या हृदयाचे ठोकेही मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा वाद थांबवायचा आणि किमान वीस मिनिटं घ्यायची. पण तरातरा निघून जायचं नाही; 'मी थोड्या वेळाने परत येतो, मग बोलू' असं सांगून जायचं आणि खरंच परत यायचं. गॅलरीत पळणाऱ्या माणसाला एवढा एक बदल जमला तरी घरातलं हवामान बदलतं.

दुसरा सराव विचारांचा. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली ती कि. मो. फडके यांनी. इच्छेची मागणी झाली की दुःखाचं रूपांतर संतापात होतं, हे तिचं एक सूत्र. 'त्याने फोन करावा असं मला वाटतं' आणि 'त्याने फोन केलाच पाहिजे, नाहीतर त्याचं प्रेमच नाही' या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या रात्री निघतात. हा 'च' पकडायला शिकणं कंटाळवाणं काम आहे. वहीत लिहून काढावं लागतं, पुढच्या भेटीत दाखवावं लागतं.

थेरपीनंतर भांडणंच थांबतील, ही अपेक्षाही सोडलेली बरी. गॉटमन यांच्या मते जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे न सुटणारे असतात, कारण ते दोन माणसांच्या वेगळेपणातून येतात. बदलते ती वादाची भाषा, आणि वादानंतर परत एकमेकांकडे येण्याचा वेग.

मग संसार वाचतोच का? नाही. अमेरिकेत अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ त्रासात असलेल्या १३४ जोडप्यांना थेरपी देऊन पुढे पाच वर्षं त्यांचा मागोवा घेतला. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत ठोस सुधारणा टिकली, साधारण एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली. समुपदेशकाकडे जाणं ही घटस्फोटाची पहिली पायरी नव्हे, तसा तो लग्न टिकवण्याचा विमाही नव्हे. कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाशीही त्याची गल्लत होते. तिथे प्रकरण आधीच न्यायालयात गेलेलं असतं आणि समेट होतो का, हे पाहणं हे त्या समुपदेशकाचं मुख्य काम. आपण थेरपीला त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतो, एकट्यानेही. जोडीदार तयार नसेल, किंवा नातं तुटून पुन्हा तशाच माणसात जीव गुंतत असेल, तर एकट्याने केलेलं कामही उपयोगी पडतं. चक्रातल्या एकाने आपली चाल बदलली की दुसऱ्याला जुनी चाल खेळणं अवघड जातं.

एका ठिकाणी मात्र वरचं 'दोघांचं चक्र' लावायचं नाही: मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी, पाळत. तिथे जबाबदारी करणाऱ्याचीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. अशा घरातल्या बाईला नवऱ्याशेजारी बसवून 'मनातलं बोला' म्हणणं धोक्याचं असतं. खोलीतल्या वाक्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिच्यासाठी आधी सुरक्षितता: १८१ ही महिला हेल्पलाइन, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकारी. 'जुळवून घे' हा सल्ला इथे सरळ सरळ चुकीचा आहे.

राहिली 'लोक काय म्हणतील'ची गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बाहेर जायचा धीर होत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष जाणार असाल, तर शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे बेधडक विचारा. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही. आणि पहिल्याच भेटीत त्याने चूक कुणाची ते सांगून टाकलं, तर दुसरा शोधा.